दुसरी पोळी

आपण किती खातो हे लोकांना जाणून घ्यायचं असतं, असं आमच्या कंपनीचं मत होतं. कंपनीचं मत म्हणजे मॅनेजरचं, आणि मॅनेजरचं मत म्हणजे अमेरिकेतून कुणीतरी त्यांना फोनवर सांगितलेलं. मोबाइलमध्ये काय खाल्लं ते लिहायचं, की पोटात किती कॅलरी गेल्या ते लगेच हजर. अशी ॲप बाजारात आधीच होती, पण त्यांना पिझ्झा समजायचा आणि थालीपीठ समजायचं नाही. थालीपीठ समजावून सांगायचं काम खराडीच्या आमच्या ऑफिसात दोघांकडे आलं. एक मी, तेजस, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा. दुसरी ऋचा, कसबा पेठेतली.

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी मी ते पहिल्याच मीटिंगमध्ये दिलं. म्हटलं, भूक लागलेल्या माणसाला कॅलरी जाणून घ्यायच्या नसतात, आणि ज्याला जाणून घ्यायच्या असतात त्याला भूक लागलेली नसते. ऋचा म्हणाली, "वा! हे स्लाइडवर टाकू या, म्हणजे दोघांची नोकरी एकदमच जाईल." ती मला आवडायला लागली ती त्या दिवसापासून.

काम असं होतं. पदार्थ घरी करायचा. डाळ, तेल, तूप कच्चं असतानाच वजन करून घ्यायचं, शिजल्यावर सगळ्याचं पुन्हा वजन करायचं, आणि त्यावरून एका वाटीत किती येतं ते काढायचं. ऑफिसच्या पँट्रीत मायक्रोवेव्हशिवाय काही नव्हतं, आणि वाघोलीच्या माझ्या फ्लॅटवर मॅगीच्या पुढे कुणाची मजल गेलेली नव्हती. म्हणून दर शनिवारी ऋचाच्या घरी जायचं ठरलं. कंपनीने एक डिजिटल काटा घेऊन दिला होता, मोबाइलपेक्षा थोडा मोठा, चपटा. तो ऋचाच्या पर्समध्ये असायचा.

स्वयंपाक तिची आई करायची, वासंतीकाकू. काकूंची अडचण एकच होती. वजन करून ठेवलेल्या वाटीत त्या वरून हळूच तूप सोडायच्या. मी ओरडायचो, "काकू, आता परत मोजावं लागेल!" त्या म्हणायच्या, "मोज की. पण आधी गरम आहे तोवर खाऊन घे." खाऊन झाल्यावर मोजायचं काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ऋचाचे बाबा, दिगंबरकाका, बाजूला पेपर वाचत बसलेले असायचे. पहिल्या शनिवारी मी काट्यावर आमटीची वाटी ठेवली तेव्हा ते पेपर खाली न करता म्हणाले, "आमच्याकडे पाहुण्याचं जेवण मोजायची पद्धत नाही. म्हणजे मोजतो, पण दाखवत नाही."

मी मेसच्या डब्यावर जगणारा माणूस. त्या डब्यातली भाजी कशाची आहे हे त्या भाजीलाही माहीत नसायचं. पण कसब्यातले शनिवार मला हवेसे वाटायचे ते काही आमटीसाठी नाही. ऋचा ओट्याशी उभी राहून आकडे सांगायची, मी ते लॅपटॉपवर टाकायचो, आणि मधेच ती चव बघायला म्हणून माझ्या तळहातावर चमचाभर काहीतरी ठेवायची. एवढंच व्हायचं. त्या एवढ्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा.

रविवारी आईला फोन असायचा. माझी आई दुर्गाबाई. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय जेवला?" मी सांगायचो, ऋचाकडे वाटली डाळ. ऋचाकडे उकडीचे मोदक. ऋचाकडे अळूची भाजी, आणि त्यात ऋचाने आंबट चुका जास्त घातला. वर्षभर आईने ऋचा ही व्यक्ती अशी पदार्थांतून ऐकली. ती फक्त एकदा म्हणाली, "पोरीले पुरन जमते का?"

ॲप चालू झालं तेव्हा एक गंमत दिसली. लोक सोमवारी अगदी इमानदारीने दुधी, मूग, ताक लिहायचे. आणि दिवाळीत, संक्रांतीला, लग्नघरात असले की सगळे गप्प. ओळीच्या ओळी रिकाम्या. मॅनेजर म्हणाले, हा बग आहे, शोधून काढा. ऋचा म्हणाली, "सर, बग नाहीये, लाडू आहे." त्यांना ते पटलं नाही. आम्ही दोघं आठवडाभर तो बग शोधण्याचं नाटक करत होतो, आणि इतके आनंदाचे दिवस मला पुण्यात पुन्हा मिळाले नाहीत.

मी तिला काही बोललो नव्हतो. बोलेन, पुढच्या शनिवारी बोलेन, पुरणपोळीचा शनिवार येऊ दे, तेव्हा बोलेन, असं चाललं होतं. पुरणपोळी आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती यायच्या आत ऋचाने दोन दिवस सुटी घेतली, आणि परत आली ती साखरपुड्याचे फोटो घेऊन.

मुलगा केदार, म्युनिकला असतो. वधूवर मंडळात नाव नोंदवलं होतं, पत्रिका जुळली, तीनदा भेटले, आवडले एकमेकांना. केदार वाईट असता तर फार बरं झालं असतं, पण तो पुढे ऑफिसात भेटायला आला तेव्हा माझ्याशी इतका नीट बोलला की मला त्याला शिव्यासुद्धा देता येईनात. फोटोत ऋचाच्या हातात साखरेचा पुडा होता, सोनेरी कागदाचा, टिकल्या लावून मोरासारखा सजवलेला. "सासूबाईंनी स्वतः केलाय," ती म्हणाली. मी छान आहे म्हणालो आणि लॅपटॉपवर आधीच्या शनिवारच्या उसळीचे आकडे भरायला घेतले. बैल गेला आणि झोपा केला, तसं माझं सगळं धैर्य नेमकं त्या दुपारी गोळा होऊन आलं.

मग केळवणं सुरू झाली. मामाकडे, आत्याकडे, शेजारी, आईच्या मैत्रिणींकडे. ज्याला त्याला मुलगी जायच्या आधी एकदा जेवू घालायची होती. केळवण म्हणजे दुसरं काय असतं! जाणाऱ्या माणसाला आणखी थोडा वेळ ताटाशी बसवून ठेवायचं. पण ऋचाच्या शालूवरचा ब्लाउज आधीच शिवून झाला होता, आणि पेठेतल्या शिंप्याने बजावलं होतं, "हा उसवून मिळणार नाही. तुम्हीच मापात राहा." म्हणून ती प्रत्येक केळवणाला काटा घेऊन जायची आणि ताटात पडेल ते मोजून खायची. एक गोड, अर्धी वाटी भात, बस. तिच्या मावशीने शेवटी विचारलं, "बिल किलोवर लावू का?"

एक दिवस लिफ्टपाशी ती म्हणाली, "टीमचं केळवण हॉटेलात झालं, ते ठीक आहे रे. पण तू नाही करणार?"

मी म्हणालो, "येत्या रविवारी ये. वाघोलीला."

"मॅगीचं केळवण?"

"आई येतेय माझी. पुरणपोळ्या करणार आहे."

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी फोन केला. म्हटलं, "आई, रविवारी ऋचाले घरी जेवाले बोलावलं. तू येतं का? पुरन कराले?"

आई म्हणाली, "काहून नाई येनार? तिकीट काढ." तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका हलका होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण केळवण हा शब्द माझ्या तोंडातून निघतच नव्हता, आणि तो निघाला नाही म्हणून आईने तिचा तिचा अर्थ लावला. आमच्याकडे मुलगा आईला बोलावून घेतो आणि मुलीला जेवायला घरी आणतो, तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो.

विदर्भातल्या ट्रॅव्हल्स वाघोलीवरूनच पुण्यात शिरतात. रविवारी उजाडताना आई तिथे उतरली. एका हातात पिशवी, आणि दुसऱ्या हाताने पदराखाली काहीतरी छातीशी धरलेलं. घरी आल्यावर तिने पिशवी रिकामी केली. हरभऱ्याची डाळ, घरच्या तुपाची बरणी, वेलदोडे, नारळ, खण, एक जांभळी साडी. आणि मग पदराखालचा रुमाल सोडला. त्यात वीतभर उंचीचा साखरेचा पुडा होता. सोनेरी कागद, त्यावर आरशाचे बारीक तुकडे, लाल टिकल्या, टोकाला गोंडा. तिने घरी बसून केला होता.

"रातभर मांडीवर धरून आनला," आई म्हणाली. "टपावर टाकला असता तं दबला असता. पाय बरं, तुह्या ऋचाले आवडन ना?"

मी पुड्याकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "आई, केळवन हाये तिचं."

आईने पुड्याचा गोंडा सरळ केला. तो सरळच होता. "कोनाशी?" तिने विचारलं.

"केदार म्हनून हाये. जर्मनीत असते."

"पोरगा चांगला हाये?"

"हाये."

"मंग झालं तं," आई म्हणाली, आणि डाळ निवडायला बसली.

मी तिच्यासमोर बसलो. मला तिने रागवायला हवं होतं. वर्षभर ऋचाकडे जेवलो, ऋचाकडे जेवलो सांगत होता, तेव्हा तुझं तोंड कुठं गेलं होतं, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. डाळीतला खडा तिने बाजूला काढला आणि एवढंच विचारलं, "आंगोळ केली का?"

डाळ शिजली, पुरणाची वेळ आली. आमच्याकडे पुरणाला गूळ नाही, साखर घालतात. आईने आमचा साखरेचा डबा उघडला. त्यात तळाला थोडी साखर होती आणि मुंग्या त्याहून जास्त होत्या. "आनतो खालून," म्हणत मी चपला घातल्या.

"राहू दे," आई म्हणाली. तिने पुडा घेतला आणि टोकाचा गोंडा सोडवायला लागली.

"आई, ते नको."

"वापस नेऊ? अख्ख्या गल्लीले मालूम हाये, दुर्गाबाई पुन्याले काहून गेली. वापस नेली तं चार जनी विचारतीन." कागद तिने फाडला नाही. चिकटवलेली कड नखाने हळूहळू सोडवली. "अन् साखर काई फेकाची नसते. जिच्यासाठी आनली तिच्या पोटात जाऊ दे."

पुड्यातली साखर तिने पुरणात ओतली. कागदाला चिकटलेले दाणेसुद्धा टिचकी मारून पाडले. मी चपला घालून तसाच दारात उभा होतो आणि माझे डोळे भरून आले होते. आई पुरण ढवळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं केलं.

ऋचा एक वाजता आली. कसब्यातून स्कूटरने वाघोली म्हणजे पेठेतल्या माणसाच्या हिशोबाने परगावच. "बाबांनी विचारलं, मुक्काम आहे का," ती हेल्मेट काढत म्हणाली. फ्लॅटमध्ये पाट नव्हता, म्हणून शंभूची, माझ्या रूममेटची, योगा मॅट घडी करून मांडली होती. तिच्यासमोर आईने रांगोळी काढली होती. शंभूला मी सकाळीच पिक्चरला पिटाळलं होतं. ऋचा आईच्या पाया पडली. आईने तिच्या हनुवटीला हात लावून तिच्याकडे बघून घेतलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली, "बस माय. दमली असशीन."

पाटवडीचा रस्सा, भरली वांगी, कढी, कुरडई, आणि मधोमध पुरणपोळी, आमच्याकडची, जाड, तुपात बुडवून खायची. ऋचाने सवयीने पर्समधून काटा काढला. "काकू, रागावू नका हं. लग्नापर्यंत मोजून खाते. एकच पोळी."

"मोज की," आई म्हणाली. रागावली नाही.

ऋचाने पोळी काट्यावर ठेवली, वजन मोबाइलमध्ये घातलं, आणि कामातलाच प्रश्न विचारावा तसं विचारलं, "पुरणात गूळ की साखर?"

"साखर."

"किती घातलीत?"

"पुड्यात होती तेवढी," आई म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला आत गेली.

"म्हणजे किती? सव्वा पाव धरू?" ऋचा हसत माझ्याकडे वळली. मी काहीतरी आकडा सांगितला. तिने तो लिहिला आणि ती पोळी खाल्ली, तूप अर्धा चमचा. छान झालीये, म्हणाली. सगळ्या केळवणांत ती तेवढंच म्हणत असणार. मग तिला ठसका लागला, आणि मी उठायच्या आत ती पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेली.

मी बसलो होतो तिथून ओटा दिसत होता. आईने तो सोनेरी कागद टाकला नव्हता. हाताने सपाट करून, गोंडा त्यावर ठेवून, डब्याच्या कडेला ठेवला होता. ऋचा पेला भरायला गेली आणि तशीच थांबली. तिने कागद उचलला. तो तिच्या हातात आपोआप गोल झाला, वर निमुळता, पुन्हा पुड्याचा आकार. तीन आठवड्यांपूर्वी असाच एक तिने हातात धरला होता. कागदाच्या टोकाला साखरेचे चार दाणे राहिले होते.

आई तव्याशी पाठमोरी होती. ऋचाने विचारलं, "काकू, साखर ह्यातली घातलीत?"

आई वळली. "हो माय," आई म्हणाली.

मला त्या क्षणी जमिनीने गिळलं असतं तरी चाललं असतं. वर्षभर जे मी कसब्यातल्या ओट्याशी उभं राहून बोलू शकलो नाही, ते माझ्या आईने केलेला एक कागद वाघोलीतल्या ओट्यावर बोलून बसला होता. मला ऋचा हवी होती. तिच्या लग्नाला बारा दिवस राहिले होते, आणि मला ती तेव्हा जितकी हवी होती तितकी कधीच हवी नव्हती.

ऋचाने कागद पुन्हा सपाट केला, होता तिथे ठेवला, गोंडा त्यावर ठेवला. पाणी न पिताच ती बाहेर आली, मॅटवर बसली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. काटा बंद केला, पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली. मग आतल्या बाजूला बघून म्हणाली, "काकू, अजून एक वाढा."

आई तव्यावरची पोळी घेऊन आली. "वजन?"

"नको," ऋचा म्हणाली. "ही नाही मोजायची."

आईने पोळी वाढली आणि तिच्यावर तुपाची धार धरली. आमच्याकडे पाहुण्याने हात आडवा धरेपर्यंत तुपाची धार थांबवत नाहीत. ऋचाने हात आडवा धरला नाही. तूप पोळीवरून ताटात उतरलं, वांग्यापर्यंत गेलं, तेव्हा आईनेच बरणी उचलली. ऋचा खाली मान घालून जेवत होती. एकेक घास, तुपात बुडवून, फार सावकाश. मी माझ्या ताटातलं काय खाल्लं ते मला आता सांगता येणार नाही. ताटातलं तूपसुद्धा तिने पोळीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घेतलं.

मग आईने ओटी भरली. नारळ, खण, जांभळी साडी. ती साडी कशासाठी आणली होती ते आता तिघांनाही ठाऊक होतं. ऋचा नमस्काराला वाकली तेव्हा आई म्हणाली, "सुखात राय. दूर चालली, तिथं पोटभर जेवत जाय." ऋचाने मान हलवली.

मी तिला खाली सोडायला गेलो. लिफ्टमध्ये शिरताशिरताच तिने हेल्मेट घातलं आणि काच खाली केली. आठ मजले उतरेपर्यंत आम्ही दोघं दारावरचे आकडे बघत होतो. विचारावं असं फार वाटलं. तुला कधी माझ्याबद्दल काही वाटलं होतं का, एवढंच. हो म्हणाली असती तर पुढे काय करणार होतो, आणि नाही म्हणाली असती तर काय, दोन्ही मला माहीत नव्हतं. खाली आलो. ओटीची पिशवी तिने स्कूटरच्या हुकाला अडकवली, नारळ नीट आत सरकवला.

"काकूंना सांग," ती काचेमागून म्हणाली, आणि काय सांग ते न सांगताच स्कूटर सुरू केली.

वर आलो तर आई ताटं गोळा करत होती. रांगोळी तशीच होती, तिच्यावर कुणाचा पाय पडला नव्हता. मी मॅट गुंडाळून कोपऱ्यात उभी केली.

"काहून रे," आईने विचारलं, "एका पोळीत किती असते ते तुहं, क्यालरी?"

"साडेतीनशेच्या वर. तूप धरून चारशे."

"अन् दुसरीत?"

"दुसरीतही तेवढ्याच, आई."

आईने ऋचाचं ताट उचललं. ते इतकं लख्ख होतं की घासायची गरज नव्हती. "मंग दुसरी काहून नाई मोजली तिनं?"

मी तिच्या हातातून ताट घेतलं आणि नळ मोठा सोडला.